डोमेन नेम कुणाच्या मालकीचे? धोरण, बाजार आणि आपल्या संस्था

डोमेन नेम म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. प्रत्येक संकेतस्थळाला मुळात आकड्यांचा पत्ता असतो. तो लक्षात ठेवणे अवघड म्हणून त्यावर नावाची पाटी लावलेली असते. ही पाटी आपण विकत घेतली असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ती एक ते दहा वर्षांच्या मुदतीने भाड्याने मिळते. भाडे थकले की पाटी उतरते आणि मग दुसरा कुणीही ती लावू शकतो.

जुना जालन्यात तरुण मंडळे आणि बचत गटांबरोबर काम करताना आम्हाला हा फरक वारंवार समजावून सांगावा लागतो. एका मंडळाला संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच नावावर घेतले होते. कार्यकारिणी बदलली, नूतनीकरणाचा ई-मेल कुणी पाहिला नाही आणि जयंतीच्या पत्रिकेवर छापलेल्या पत्त्यावर भलतीच जाहिरात दिसू लागली. नाव परत हवे तर पैसे मोजा, असा निरोप आला. रक्कम मंडळाच्या वर्षभराच्या वर्गणीला भारी होती. हे का होऊ शकते, हे कळायला या व्यवस्थेची उतरंड समजून घ्यावी लागते.

सर्वांत वर आयकॅन ही संस्था आहे. १९९८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ती ना-नफा संस्था म्हणून स्थापन झाली. अमेरिकी सरकारबरोबरचा तिचा करार ३० सप्टेंबर २०१६ रोजी संपला. तिच्याखाली रजिस्ट्री येतात. प्रत्येक शेवटाची (डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट इन) मूळ वही एकाच रजिस्ट्रीकडे असते. त्याखाली रजिस्ट्रार, म्हणजे किरकोळ विक्रेते; आपण पैसे भरतो ते यांच्याकडे. किरकोळ विक्रेता बदलता येतो, रजिस्ट्री बदलता येत नाही. सगळा वाद या मक्तेदारीतून उभा राहतो. डॉट कॉमची वही व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे. तिचा घाऊक दर २०१२ पासून ७.८५ डॉलरवर गोठलेला होता. पुढे वाढीची मुभा मिळाली आणि २०२१ ते २०२४ या चार वर्षांत दरवर्षी सुमारे सात टक्क्यांनी वाढ होऊन दर १०.२६ डॉलरवर गेला. ज्याने पंधरा वर्षे एका नावावर ओळख कमावली, तो दर वाढला म्हणून नाव सोडून जाऊ शकत नाही, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

सामाजिक संस्थांना सर्वांत जवळचा वाद डॉट ऑर्गचा. एक कोटीहून अधिक नावे असलेला हा शेवट २००३ पासून पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही ना-नफा संस्था सांभाळते. तिची पालक संस्था इंटरनेट सोसायटी. जून २०१९ अखेरीस आयकॅनने डॉट ऑर्गच्या दरावरील मर्यादा काढून टाकली. त्याआधी मागवलेल्या तीन हजारांहून अधिक अभिप्रायांत जवळजवळ सगळे विरोधात होते. तरीही मर्यादा गेलीच. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, नोव्हेंबरमध्ये, ही रजिस्ट्री इथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला १.१३५ अब्ज डॉलरना विकण्याचा करार जाहीर झाला. व्यवहारासाठी रजिस्ट्रीवर ३६ कोटी डॉलरचे कर्ज चढणार होते, आणि ते फिटणार होते ते जगभरच्या धर्मादाय संस्थांच्या नूतनीकरण शुल्कातून. संस्थांनी निदर्शने केली, सह्या गोळा केल्या. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी आयकॅनला विरोधाचे पत्र पाठवले आणि ३० एप्रिलला आयकॅनने व्यवहाराला परवानगी नाकारली. अभिप्रायांनी जे झाले नाही ते आयकॅनची नोंदणी ज्या राज्यात आहे तिथल्या कायदा अधिकाऱ्याच्या पत्रानंतर झाले. संघटित दबाव कुठे टेकवायचा, हे कार्यकर्त्यांनी या प्रकरणातून लक्षात घ्यावे. दरावरची मर्यादा मात्र परत आली नाही.

दुसरा वाद खुद्द शेवटांच्या मालकीचा. २०१२ साली आयकॅनने नवे शेवट खुले केले तेव्हा एका अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर होते. १,९३० अर्ज आले. 'अ‍ॅमेझॉन' हा शेवट कंपनीने मागितला. त्या नावाची नदी आणि जंगल ज्यांच्या भूमीत आहे त्या ब्राझील आणि पेरूने विरोध केला. वर्षानुवर्षांच्या भांडणानंतर नाव कंपनीला मिळाले. 'इस्लाम' आणि 'हलाल' हे शेवट एका तुर्की कंपनीने मागितले, पण मुस्लिम देशांच्या हरकतींनंतर २०१८ मध्ये आयकॅनने ते पुढे नेले नाहीत. भारतही यात होता. रिलायन्सने 'इंडियन्स' आणि मोटार कंपनी क्रायस्लरने 'राम' मागितले होते. या दोन्हींना भारत सरकारने हरकत घेतली. २०२६ च्या फेरीचे शुल्क २,२७,००० डॉलर आहे. गरजू अर्जदारांना मोठी सवलत आहे, तरी एखाद्या धर्माचे, समाजाचे नाव शेवट म्हणून मागण्याची ऐपत कुणाची, हे या आकड्यावरून दिसते.

नावावर हक्क कुणाचा, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळ ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे इथे एका नावासाठी लढा झाला, रक्त सांडले. आज त्या विद्यापीठाचा इंटरनेटवरचा पत्ता 'बामू' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. (पत्ता लहान हवा, हे मान्य. तरी टोचते.)

देशाचा शेवट डॉट इन. त्याची रजिस्ट्री निक्सी या सरकारी आधाराच्या ना-नफा संस्थेकडे आहे, आणि २००५ पासून तो सर्वांना खुला आहे. पण वही चालवण्याचे तांत्रिक काम परदेशी कंपन्यांकडेच फिरत राहिले: आधी अफिलियस, मग न्यूस्टार, न्यूस्टारचा हा व्यवसाय २०२० मध्ये गोडॅडीने घेतल्यावर गोडॅडी, आणि २०२४ मध्ये निवड झाली कॅनडाच्या टुकोजची. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत 'डॉट भारत' सुरू झाला, मराठीसह आठ भाषांसाठी. कल्पना चांगली आहे, पण अनेक ई-मेल सेवा आणि अर्जांचे रकाने असा पत्ता अजूनही स्वीकारत नाहीत. तो जोडीला घ्यावा, एकमेव पत्ता म्हणून नको.

नाव दुसऱ्याने बळकावले तर? मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या प्रकरणात एका अक्षराचा फरक करून घेतलेले 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळते असे ठरवले. महत्त्वाचे म्हणजे, चिन्ह नोंदवलेले नसले तरी दीर्घ वापरातून मिळवलेली ओळख सिद्ध करता येते. म्हणून जुनी पावती पुस्तके, पत्रिका, बातम्यांची कात्रणे रद्दीत घालू नयेत. डॉट इनच्या तंट्यासाठी निक्सीचे स्वतंत्र लवाद धोरण आहे. डॉट कॉम, डॉट ऑर्गसाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जाता येते, पण तिथले किमान शुल्क १,५०० डॉलर आहे. वस्तीतल्या मंडळाला तो रस्ता बंदच म्हणायचा.

त्यामुळे खबरदारी स्वस्त पडते. डोमेन संस्थेच्या नावावर घ्या. नोंदणीतील ई-मेल एका माणसाचा नको, संस्थेचा हवा, आणि पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. शक्य असेल तर एकदम पाच वर्षांचे पैसे भरा. पहिल्या वर्षी ९९ रुपयांची जाहिरात असते तेव्हा दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारा. मुदत संपल्यावर काही दिवस जुन्याच दरात नूतनीकरण होते, त्यानंतरच्या सुमारे ३० दिवसांत जबर दंड भरून नाव सोडवता येते आणि मग ते बाजारात जाते. विक्रेता बदलायचा असेल तर हस्तांतरणाचा कोड मागून घ्या. डोमेन ज्याच्या नावावर नोंदलेले असते त्याला तो मिळण्याचा हक्क आहे. संकेतस्थळ बनवणाऱ्याचे सगळे पैसे चुकते करण्याआधीच नोंदणीतले नाव तपासा, कारण नंतर तो फोन उचलेलच असे नाही.