लोकवर्गणी

लोकवर्गणी म्हणजे एखाद्या सार्वजनिक कार्यासाठी अनेक व्यक्तींनी किंवा कुटुंबांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिलेल्या लहान-लहान रकमांचा, धान्याचा अथवा अन्य वस्तूंचा एकत्रित निधी होय. महाराष्ट्रात शाळा, वसतिगृहे, वाचनालये, मंदिरे, धर्मशाळा आणि पाणवठे अशी अनेक कामे लोकवर्गणीतून उभी राहिली आहेत. वर्गणी गोळा करणारे कार्यकर्ते बहुधा विनावेतन काम करतात. त्यामुळे निधिसंकलन, स्वयंसेवा आणि लोकसंपर्क ही तिची तीन अंगे परस्परांपासून वेगळी करता येत नाहीत.

संज्ञा व व्याप्ती

दान, देणगी, वर्गणी आणि पट्टी हे शब्द व्यवहारात अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. तथापि त्यांत भेद आहे. दान हे मुख्यतः दात्याच्या पुण्यभावनेशी निगडित असते. देणगी एखादी व्यक्ती आपल्या इच्छेने संस्थेला देते आणि ती मोठीही असू शकते. पट्टी ही गावाने किंवा सत्तेने बसविलेली आकारणी असते. वर्गणी म्हणजे सामाईक कामातील आपला वाटा. वाटा दिलेला मनुष्य त्या कामाचा भागीदार ठरतो आणि त्याला हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार प्राप्त होतो. हेच लोकवर्गणीचे वैशिष्ट्य मानले जाते.

वर्गणी रोख रकमेतच असते असे नाही. धान्य, शिधा, लाकूडफाटा, बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची फेरी, तसेच श्रमदान हीदेखील तिचीच रूपे आहेत.

महाराष्ट्रातील इतिहास

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंताजी दामोदर काळे यांनी चालविलेला पैसा फंड हा लोकवर्गणीचा एक प्रसिद्ध प्रयोग होय. प्रत्येकाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योगांना भांडवल मिळावे, अशी ही कल्पना होती. त्या काळी एका रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक रुपया जमविण्यासाठी चौसष्ट माणसांची गाठ घ्यावी लागे. रक्कम अल्प असल्यामुळे गरिबालाही ती देता येई आणि ती गोळा करण्याच्या निमित्ताने स्वदेशीचा विचार घरोघरी पोहोचे. लोकमान्य टिळकांचा या उपक्रमास पाठिंबा होता. या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना सुरू झाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे काचनिर्मितीचे शिक्षण दिले.

पुढे १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प काँग्रेसने केला. त्या वर्षीच्या ३० जूनपर्यंतच्या मुदतीत देशभरातील कार्यकर्त्यांनी तो पूर्ण केला.

शिक्षणक्षेत्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (ता. कराड) येथे स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेचे उदाहरण महत्त्वाचे आहे. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व जेवत. मुलांची संख्या वाढल्यावर धान्याचा प्रश्न बिकट झाला. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रासह आपले दागिने विकले. संस्थेच्या मुष्टिफंडात गृहिणी रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढून ठेवीत आणि साठलेले धान्य वसतिगृहाकडे जाई. जिच्या हाती रोख पैसा नव्हता अशा स्त्रीलाही या पद्धतीमुळे शिक्षणकार्यात वाटा उचलता आला.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगणे येथील स्त्रीशिक्षण संस्थेने भाऊबीज निधीची प्रथा रूढ केली. दिवाळीच्या सुमारास संस्थेचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन संस्थेतील मुलींसाठी भाऊबीज मागत. देणारा त्यांचा भाऊ ठरे; त्यामुळे मागण्यात लाचारी आणि देण्यात उपकार राहत नसे.

संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी कीर्तन हेच लोकसंपर्काचे साधन केले. दिवसा हाती खराटा घेऊन गाव स्वच्छ करावयाचे आणि रात्री कीर्तनातून शिक्षण, स्वच्छता व व्यसनमुक्तीचा उपदेश करावयाचा, असा त्यांचा क्रम असे. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी मात्र काही राखले नाही. पंढरपूर येथील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली.

अलीकडच्या काळात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या पुढाकाराने सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी नामवंत कलावंतांनी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग ठिकठिकाणी केले. या निधीच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन दिले जाते.

खानदेशातील परंपरा

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात मोठ्या दात्यांची आणि लोकवर्गणीची अशा दोन्ही परंपरा शेजारी-शेजारी आढळतात. अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिर (१९१६) हे उद्योजक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या दातृत्वातून उभे राहिले. याउलट गावोगावचे हरिनाम सप्ताह, भंडारे आणि रथोत्सव यांचा भार मुख्यतः सर्वसामान्यांच्या वर्गणीवर असतो. भंडाऱ्यासाठी घरोघरी गहू, डाळ व तेल गोळा केले जाते. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा स्वयंपाक व पंगतीतील वाढप गावकरीच करतात.

पारोळा हे जळगाव–धुळे महामार्गावरील तालुक्याचे गाव अठराव्या शतकातील भुईकोट किल्ल्यासाठी जसे प्रसिद्ध आहे, तसे श्री बालाजींच्या रथोत्सवासाठीही ओळखले जाते. जळगावात कार्तिकी एकादशीस निघणाऱ्या श्रीराम रथाची परंपरा १८७२ पासूनची आहे. अशा उत्सवांत अवजड रथाच्या चाकाखाली लाकडी मोगरी लावून त्याचा वेग आवरणे व दिशा वळविणे हे काम जोखमीचे व अनुभवाचे असते. येथे वर्गणी पैशांची नसून अंगमेहनतीची व कौशल्याची असते.

धुळे येथे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये स्थापिलेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या कार्यात लोकसंपर्काचा एक निराळा उपयोग दिसतो. ठिकठिकाणच्या मठांतून समर्थ संप्रदायाची हस्तलिखित बाडे मिळवून ती जतन करण्यात आली. हा संग्रह धुळ्यातील श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहे.

साने गुरुजी हे १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. १९३६ च्या डिसेंबरात जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. जवाहरलाल नेहरू त्याचे अध्यक्ष होते. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन होय. शहरी सुविधा नसल्यामुळे त्याची सिद्धता मोठ्या प्रमाणावर स्थानिक साहित्यावर व स्वयंसेवकांच्या कष्टांवर अवलंबून होती. सजावटीचे काम चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या वस्तूंतून केले. धनाजी नाना चौधरी व साने गुरुजी यांसारख्या कार्यकर्त्यांनी अधिवेशनासाठी परिश्रम घेतले.

कार्यपद्धती

लोकवर्गणीचे काम सामान्यतः पुढील टप्प्यांनी चालते.

१. सभा व ठराव: कामाचा उद्देश, अंदाजे खर्च, मुदत आणि खजिनदाराचे नाव सभेत निश्चित केले जाते.

२. लोकसंपर्क: घरोघरी भेटी, प्रभातफेरी, कीर्तन, शाळा व महिला बचत गटांच्या बैठका यांद्वारे काम समजावून सांगितले जाते. कृषिप्रधान भागात कापूस किंवा धान्य विकले गेल्यानंतरचा काळ सोयीचा मानला जातो.

३. संकलन: प्रत्येक रकमेची अनुक्रमांक असलेली पावती दिली जाते व स्थळप्रत संस्थेकडे राहते. वस्तुरूप वर्गणीची स्वतंत्र नोंद केली जाते. आता क्यूआर कोडद्वारे थेट बँक खात्यात रक्कम भरण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

४. विनियोग: खाते शक्यतो दोन पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त स्वाक्षरीने चालविले जाते.

५. हिशेब: जमाखर्च सभेत वाचला जातो किंवा फलकावर लावला जातो. अल्प रक्कम देणाऱ्याचे नावही यादीत असणे हे पुढील वेळी वर्गणी मिळण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

कायदेशीर तरतुदी

धर्मादाय संस्थांची नोंदणी व देखरेख महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेने हिशेब ठेवून त्याचे लेखापरीक्षण करून घेणे अपेक्षित असते. नोंदणी नसलेल्या मंडळांना धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करावयाची असल्यास याच अधिनियमाच्या कलम ४१ क अन्वये परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळांचे अर्ज याच तरतुदीखाली येतात. १९६१ च्या आयकर अधिनियमात कलम ८० जी अन्वये पात्र संस्थांच्या देणगीदारांना सवलत देण्यात आली. २०१७ पासून रोखीने दिलेल्या २,००० रुपयांपेक्षा अधिकच्या देणगीस ही सवलत बंद करण्यात आली. परदेशातून येणाऱ्या देणग्यांस परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू आहे.

शासकीय योजनांतील लोकवर्गणी

लोकसहभागाचे गमक म्हणून शासनानेही लोकवर्गणीचे तत्त्व स्वीकारले. २००२ मधील स्वजलधारा योजनेत पाणीपुरवठ्याच्या भांडवली खर्चाचा १० टक्के वाटा ग्रामस्थांनी उचलावा अशी अट होती. महाराष्ट्रात २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावांनी श्रमदान व स्वतःची साधने वापरून पारितोषिकांसाठी स्पर्धा केली. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनने घेतलेल्या वॉटर कप स्पर्धेत खानदेशातील काही तालुक्यांतही जलसंधारणासाठी श्रमदान झाले.

मर्यादा व टीका

लोकवर्गणीतील स्वेच्छा नेहमीच निर्भेळ नसते. वर्गणीचा आकडा दुसऱ्यानेच ठरविणे, न देणाऱ्याची नावे जाहीर करणे किंवा दुकानदारांवर दडपण आणणे असे प्रकार झाल्यास वर्गणीची खंडणी होते. काही ठिकाणी वर्गणी सर्वांकडून घेतली जाते, परंतु निर्णयाच्या बैठकीत दलित, भूमिहीन व स्त्रिया यांना स्थान नसते. पक्क्या नोकरीतील माणूस आणि रोजंदारीवरील मजूर यांना सारखाच आकडा लावल्यास ऐपतीचे तत्त्व मोडते.

दुसरी अडचण सातत्याची आहे. इमारतीसाठी लोक उत्साहाने पैसे देतात, कारण ती डोळ्यांना दिसते. त्यानंतरचे वीजबिल, दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांचे वेतन यांसाठी वर्गणी मिळणे कठीण जाते. ग्रामीण वाचनालये व पाणीयोजना यांना हा अनुभव विशेषत्वाने येतो. मूळ रक्कम कायम ठेवून व्याजावर खर्च भागविणे किंवा मुष्टिफंडाप्रमाणे अल्प पण नियमित वर्गणी घेणे, हे त्यावरील दोन उपाय होत.

कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. त्यामुळे अनेक संस्थांना मोठा निधी उपलब्ध झाला. मात्र एकाच मोठ्या दात्यावर अवलंबून राहिलेल्या संस्थेचा घरोघरचा संपर्क तुटतो, आणि तो दाता दूर झाल्यास संस्थेमागे उभे राहणारे कोणी उरत नाही, असा धोका यात असतो.

हे सुद्धा पहा

पैसा फंड
रयत शिक्षण संस्था
श्रमदान
साने गुरुजी
गाडगे महाराज