'९९९९ इन १' कॅसेटमधले कोणते गेम्स आज पहिल्यांदा खेळून बघावेत?

अंधेरी असो, बोरिवली असो की घाटकोपर, नव्वदच्या दशकात मे महिन्याची सुट्टी लागली की बिल्डिंगमध्ये ज्याच्या घरी 'व्हिडिओ गेम' असेल त्याचा भाव एकदम वधारायचा. टीव्हीसमोर दहा पोरं, रिमोट दोनच, आणि 'मेलास की दुसऱ्याला द्यायचा' हा नियम.

पण त्या डब्याचं नाव काय होतं? कुणी 'टीव्ही गेम' म्हणायचं, कुणी 'मारिओवाला गेम'. जगभरातल्या रेट्रो कन्सोलच्या याद्यांमध्ये हा डबा सहसा नसतोच. त्यामुळे आज कुणाला ते गेम्स पुन्हा खेळायचे असतील, किंवा घरातल्या मुलांना दाखवायचे असतील, तर नेमकं शोधायचं काय इथपासून अडतं. म्हणून आधी डब्याची ओळख करून घेऊ, मग गेम्सकडे वळू.

तो डबा नेमका कुठला होता?

मूळ मशीन जपानचं. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी तिथे 'फॅमिली कॉम्प्युटर' म्हणजे 'फॅमिकॉम' बाजारात आणला. जपानबाहेर हेच मशीन वेगळ्या पेटीत 'एनईएस' नावाने गेलं. भारतात ते 'समुराई' नावाने विकलं गेलं. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत पोचली ती त्याची स्वस्त नक्कल. अशा नकलांना 'फॅमिक्लोन' म्हणतात. 'लिटिल मास्टर' हे त्यातलंच एक गाजलेलं नाव. पुढे तर अख्खं मशीन एकाच चिपमध्ये बसायला लागलं. डबा उघडला की आत काळा डांबरासारखा ठिपका दिसायचा, त्याच्याखाली ही चिप असायची.

खरंच ९९९९ गेम्स होते का?

नाही. यादी कितीही लांब असली तरी वेगवेगळे गेम्स मोजकेच असायचे. पुढे तेच गेम्स नवीन नावाने, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे.

यातला निवडीचा भाग मात्र मजेशीर आहे. या कॅसेटमध्ये भरलेले बहुतेक गेम्स १९८३ ते १९८५ च्या आसपासचे होते, कारण ते अगदी छोटे होते. 'बॅटल सिटी' २४ केबीचा, 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० केबीचा. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटोही याहून मोठा असतो. उलट 'झेल्डा'सारख्या गेमला खेळ सेव्ह करायला कॅसेटमध्ये बॅटरी लागायची, म्हणून तो स्वस्त कॅसेटमध्ये बसलाच नाही. अमेरिकेतली पोरं 'झेल्डा'वर वाढली आणि आपली 'टँक'वर, याचं एक कारण हे.

आता नवख्या माणसासाठी सात गेम्स, याच क्रमाने.

१. बॅटल सिटी (नाम्को, १९८५)

आपण याला 'टँक' किंवा 'टँक १९९०' म्हणायचो. 'टँक १९९०' ही याचीच कुणीतरी बदलून केलेली आवृत्ती. एकूण ३५ लेव्हल, प्रत्येक लेव्हलला शत्रूचे २० रणगाडे, आणि खाली विटांच्या आड बसलेला गरुड सांभाळायचा. हा दोघांनीच खेळा. एकाने गरुडाजवळ थांबायचं, दुसऱ्याने पुढे जायचं. जोडीदाराला आपली गोळी लागली तर तो काही क्षण जागच्या जागी अडकतो, आणि आपल्याच गोळीने गरुड फुटला तर खेळ खलास. अर्धी भांडणं यावरूनच व्हायची. फावड्याचं चिन्ह दिसलं की आधी ते उचला, गरुडाभोवतीच्या विटा थोडा वेळ पोलादी होतात.

२. सुपर मारिओ ब्रदर्स (निन्टेन्डो, १९८५)

शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा हा गेम कुणी शिकवावा लागत नाही. पहिल्याच पडद्यावर समोरून एक शत्रू चालत येतो. उडी मारली तर वाचता, नाही तर मरता, आणि धडा तिथेच मिळतो. एकूण ३२ लेव्हल आहेत आणि सेव्ह करायची सोय नाही. घाई असेल तर १-२ मध्ये छतावरच्या विटांवर चढून शेवटपर्यंत चालत जा, पुढे नेणारे पाइप सापडतील. खेळताना ढग आणि झुडपं निरखून बघा. चित्र एकच आहे, फक्त रंग बदललाय. जागा वाचवायची ती युक्ती.

३. सर्कस चार्ली

कोनामीचा १९८४ चा आर्केड गेम, फॅमिकॉमवर १९८६ मध्ये आला. सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उड्या, मग दोरीवरून चालताना समोरून येणारी माकडं. मुख्य काम उडीचंच, त्यामुळे सहा वर्षांचं पोर आणि साठीचे आजोबा दोघंही लगेच खेळू शकतात.

४. रोड फायटर

हाही कोनामीचाच. वेग वाढवायचा, समोरच्या गाड्या चुकवायच्या, पण खरा शत्रू म्हणजे संपत जाणारं पेट्रोल. रस्त्यात रंगीबेरंगी गाडी दिसली की तिला चुकवायचं नाही, धडकायचं. तिच्यातून इंधन मिळतं. पहिल्यांदा खेळणारे हमखास तिलाच टाळतात.

५. बलून फाइट (निन्टेन्डो, १९८५)

पाठीवर दोन फुगे लावून उडायचं आणि दुसऱ्याचे फुगे फोडायचे. फार खाली गेलात तर पाण्यातला मासा गिळतो. फॅमिकॉमवरचा हा गेम प्रोग्रॅम करणारा तरुण म्हणजे सातोरु इवाता. पुढे २००२ मध्ये तोच निन्टेन्डोचा अध्यक्ष झाला. बटण सतत दाबू नका, थांबून थांबून दाबा. एकदा हात बसला की सुटत नाही.

६. बायनरी लँड (हडसन, १९८५)

यादीतला सगळ्यात दुर्लक्षित गेम. दोन पेंग्विन, एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे जातो. दोघांना एकाच वेळी वरच्या हृदयापाशी पोचवायचं. एक जाळ्यात अडकला तर दुसऱ्याने सोडवायचा. आजच्या मोबाइलवरच्या कोडी सोडवणाऱ्या मुलांना हा सगळ्यात आधी आवडेल.

७. काँट्रा (कोनामी)

हा शेवटी, कारण अवघड आहे. एक गोळी लागली की एक जीव गेला, आणि लेव्हल आठ. फॅमिकॉमवर तो १९८८ मध्ये आला आणि आकाराने बराच मोठा होता, म्हणून त्याची बऱ्याचदा वेगळी कॅसेट असायची. एस लिहिलेली गन मिळाली की जपा, तिच्या गोळ्या पंख्यासारख्या पसरतात. धबधब्याच्या लेव्हलला जोडीदारासाठी थांबा. तुम्ही भराभर वर चढलात की खाली राहिलेला मरतो. ३० जीव हवे असतील तर सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. हा कोड कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी 'ग्रॅडियस' गेम तपासताना वापरला होता, कारण तो त्यांनाच जमत नव्हता.

डक हंट यादीत का नाही?

कारण तो आजच्या टीव्हीवर चालत नाही. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. जुन्या डबा टीव्हीवर हे चित्र त्याच क्षणी दिसायचं. एलसीडीवर ते किंचित उशिरा येतं, आणि तेवढ्यात बंदूक 'नेम चुकला' असं ठरवून मोकळी होते.

आज हे खेळायचे कुठे?

माळ्यावर जुना डबा असेल तर आधी अडॅप्टर तपासा. कॅसेट विकत घेत असाल तर ती ६० पिनांची आहे ना ते बघा, एनईएसची ७२ पिनांची कॅसेट यात बसत नाही. आणि फुंकर मारू नका. कॅसेट काढून पुन्हा लावल्यामुळेच ती चालायची, फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पिना गंजतात. कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा.

डबा नसेल तर कॉम्प्युटरवर अधिकृत संग्रह मिळतात. 'बॅटल सिटी' हा 'नाम्को म्युझियम आर्काइव्ह्ज'च्या दुसऱ्या भागात आहे, 'काँट्रा' हा 'काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये. निन्टेन्डो स्विच असेल तर 'मारिओ' आणि 'बलून फाइट' त्याच्या ऑनलाइन सदस्यत्वात मिळतात.

फक्त एक करा. कंट्रोलर दोन घ्या. हे गेम्स एकट्याने खेळले तर दहा मिनिटांत जुने वाटतील. शेजारी कुणी बसलेलं असेल, आणि गरुड कुणामुळे फुटला यावर वाद घालायला तयार असेल, तर दुपार कशी गेली कळणार नाही.