फूट, सॅम्युअल

(बाप्तिस्मा : जानेवारी १७२१, ट्रुरो, कॉर्नवॉल; मृत्यू : २१ ऑक्टोबर १७७७, डोव्हर). इंग्रज नट, प्रहसनकार आणि लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहाचा मालक. हयात माणसांच्या नकला हे त्याचे भांडवल होते. कुणाची चाल, कुणाचा तिरळा डोळा, कुणाचा लाकडी पाय, त्याला काहीच वर्ज्य नव्हते. समकालीनांनी त्याला ‘इंग्रजी अ‍ॅरिस्टोफेनीस’ म्हटले, पण ही पदवी जरा सढळ हाताने दिलेली आहे. अ‍ॅरिस्टोफेनीसने कुणाची टर उडवली हे माहीत नसतानाही त्या प्राचीन ग्रीक नाटककाराची नाटके हसवतात. फूटच्या बहुतेक नाटकांना मात्र मूळ माणूस ओळखणारा प्रेक्षक लागतो.

वडील दंडाधिकारी आणि काही काळ संसदेचे सदस्य होते. आईचे माहेर म्हणजे गूडिअर घराणे, पैसेवाले आणि भांडखोर. थोरला मामा सर जॉन याने आपली मिळकत सख्ख्या भावाला न देता बहिणीच्या मुलांना द्यायचे ठरवले. हा भाऊ, कॅप्टन सॅम्युअल गूडिअर, ‘रूबी’ या युद्धनौकेचा कप्तान होता. जानेवारी १७४१ मध्ये त्याने ब्रिस्टलमध्ये माणसे घालून थोरल्या भावाला पळवले, जहाजावर नेले आणि तिथे गळा आवळून मारवले. एप्रिलमध्ये तो फासावर गेला. भाचा तेव्हा विशीत होता. ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सुटलेले, लंडनला वकिली शिकण्याचे निमित्त आणि डोक्यावर कर्ज. त्याने या खुनाची हकिगत लिहून पुस्तिका छापली. घरातला खून बाजारात विकायला काढणारा हा तरुण पुढे इतरांची घरे रंगमंचावर आणील, यात नवल नव्हते. त्याच साली त्याने लग्न केले आणि बायकोला लवकरच वाऱ्यावर सोडले. कर्जापायी तुरुंगाची हवाही खाल्ली.

रंगमंचावर तो पोटासाठी आला. ६ फेब्रुवारी १७४४ रोजी चार्ल्स मॅक्लिनच्या मंडळीतून हेमार्केटमध्ये त्याने ऑथेल्लो उभा केला आणि तो सपशेल पडला. बुटका, स्थूल, मिश्कील डोळ्यांचा हा माणूस शोकनायक म्हणून कुणाच्या गळी उतरणार? विनोदी भूमिकांत मात्र त्याचे बरे चालले. ‘द रिहर्सल’ या जुन्या नाटकातल्या बेझच्या भूमिकेत तो नामांकित नटांच्या नकला घुसडू लागला. लोक भूमिकेपेक्षा त्या नकलांसाठी येतात, हे त्याच्या लवकरच ध्यानात आले.

एप्रिल १७४७ मध्ये त्याने हेमार्केटमध्ये ‘द डायव्हर्शन्स ऑफ द मॉर्निंग’ हा नकलांचा खेळ लावला. अडचण होती ती १७३७ च्या नाट्यपरवाना कायद्याची. याच हेमार्केटमध्ये नाटककार हेन्री फील्डिंगने केलेल्या टवाळीने बेजार झालेल्या पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलच्या सरकारने तो आणला होता. त्यानुसार लंडनमध्ये पैसे घेऊन गद्य नाटक करण्याचा हक्क ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोनच नाट्यगृहांना उरला आणि प्रत्येक नव्या संहितेला लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याची मंजुरी लागू लागली. दंडाधिकाऱ्यांनी फूटचा खेळ बंद पाडला. त्यावर त्याने वर्तमानपत्रात निमंत्रण दिले, की मित्रमंडळींनी दुपारी बाराला आपल्याबरोबर चॉकलेट प्यायला यावे. तिकिटे कॉफीहाउसात मिळतील. लोक आले. फूटने पुढे येऊन सांगितले, की चॉकलेट तयार होईपर्यंत आपण काही होतकरू नटांना शिकवणार आहोत, मंडळींची हरकत नसावी. मग शिकवण्याच्या नावाखाली त्याने लंडनच्या झाडून साऱ्या नटांच्या नकला केल्या. चॉकलेट अर्थातच आले नाही. नाटक नाही, तेव्हा परवानाही नको! पुढे चॉकलेटच्या जागी संध्याकाळचा चहा आला आणि खेळ चालू राहिला.

त्यानंतर ‘टेस्ट’ (१७५२), ‘दि इंग्लिशमन इन पॅरिस’ (१७५३) अशी प्रहसने आली. ‘दि ऑथर’ (१७५७) मध्ये त्याने अ‍ॅप्रीस नावाच्या एका ओळखीच्या गृहस्थाला कॅडवॉलडर या पात्रातून हुबेहूब उभे केले. रस्त्याने जाताना लोक आपल्याकडे बघून हसतात, हे लक्षात आल्यावर अ‍ॅप्रीसने तक्रार केली आणि नाटक बंद झाले. ‘द मायनर’ (१७६०) ने मेथडिस्ट धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड याच्या तिरळेपणावरही हात मारला. डब्लिनमध्ये पडलेले हे नाटक लंडनच्या उन्हाळ्यात तुफान चालले. आक्षेपार्ह मजकूर कापण्याची सूचना आर्चबिशप सेकरने टाळली, कारण ‘कँटरबरीच्या आर्चबिशपांनी सुधारलेली आवृत्ती’ अशी जाहिरात फूट करील, अशी त्याला धास्ती होती. ही हकिगत पत्रलेखक होरेस वॉलपोलची आहे आणि फूटची ख्याती पाहता पटण्याजोगी आहे.

१७६१ चा उन्हाळा मराठी वाचकासाठी खास आहे. त्या वर्षी फूट आणि नाटककार-वकील आर्थर मर्फी यांनी भागीदारीत ड्रुरी लेन भाड्याने घेतले. मर्फीने तीन नवी नाटके दिली, फूटने स्वतःचे एकही नाही. जूनमध्ये लागलेल्या मर्फीच्या पहिल्या नाटकाचे प्रास्ताविक तेवढे फूटने लिहिले आणि म्हटले. मोलिएरच्या एका प्रहसनावर बेतलेले हे नाटक म्हणजे ‘ऑल इन द राँग’. त्यावरूनच गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ रचले आणि तेच १९१६ मध्ये पदांसह ‘संगीत संशयकल्लोळ’ होऊन गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचावर आले. मर्फीचे हे नाटक आज इंग्लंडमध्ये क्वचितच कुणाला आठवते, आपल्याकडे फाल्गुनराव आणि कृत्तिका अजून भांडतात.

डॉ. सॅम्युअल जॉन्सनचीही नक्कल होणार होती. ते कानावर येताच जॉन्सनने पुस्तकविक्रेता टॉम डेव्हिसकडे ओकच्या काठीचा भाव विचारला. सहा पेन्स, असे कळल्यावर त्याने शिलिंगाची काठी आणायला सांगितली. निरोप पोचला आणि बेत बारगळला. तरी एका मेजवानीत, हसायचे नाही असा निश्चय करून बसलेल्या जॉन्सनला शेवटी सुरी-काटा खाली ठेवून फूटपुढे पोट धरून हसावे लागले, असे जॉन्सनचा चरित्रकार बॉस्वेल याने नोंदवले आहे.

डब्लिनचा मुद्रक जॉर्ज फॉकनर (स्विफ्टचा प्रकाशक) काठी घेऊन नव्हे, कोर्टात आला. फॉकनरला एक पाय नव्हता आणि ‘दि ओरेटर्स’ (१७६२) मध्ये फूटने त्याला लाकडी पायासकट उभे केले होते. फॉकनरने अब्रुनुकसानीचा दावा जिंकला. फूटने त्या खटल्याचेच प्रहसन लिहून लावले.

चार वर्षांनी नियतीने हिशेब केला, असे त्याच्या शत्रूंना वाटले. फेब्रुवारी १७६६ मध्ये लॉर्ड मेक्सबरोच्या घरी उमरावांच्या मेळ्यात त्याने घोडेस्वारीची बढाई मारली. राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क तिथे होता. गमतीने फूटला एका द्वाड घोड्यावर चढवण्यात आले. घोड्याने त्याला फेकले, पायाचा चुरा झाला आणि ड्यूकच्या शल्यवैद्याने तो कापला. खजील झालेल्या ड्यूकने भरपाई म्हणून राजाकडून हेमार्केटसाठी तहहयात सनद मिळवून दिली : मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, दोन मोठी नाट्यगृहे बंद असतानाच्या महिन्यांत, कायदेशीर नाटक करण्याची. एकोणीस वर्षे कायद्याला बगल देणारा माणूस पाय देऊन कायद्यात बसला. हेमार्केट ‘थिएटर रॉयल’ झाले ते या सनदेमुळे.

त्याने इमारत विकत घेऊन सुधारली आणि लंगड्या नायकांची नाटके लिहिली. वैद्यांची खिल्ली उडवणाऱ्या ‘द डेव्हिल अपॉन टू स्टिक्स’ (१७६८) ने भरघोस पैसा दिला, ‘द लेम लव्हर’ (१७७०) मागोमाग आले. नाटककार जॉन ओकीफने पडद्यामागचे एक दृश्य टिपले आहे. फूट भिंतीला टेकून उदास उभा आहे, नोकर त्याला मोजा आणि बूट चढवलेला खोटा पाय बांधतो आहे. पाय बसला, की क्षणात चेहऱ्यावर खट्याळपणा चढवून तो लंगडत रंगमंचावर जातो आणि टाळ्या पडतात.

त्याचे सर्वांत धारदार नाटक म्हणजे ‘द नेबॉब’ (२९ जून १७७२). हिंदुस्थानात अफाट पैसा करून परतलेला ‘नेबॉब’ सर मॅथ्यू माइट एका कर्जबाजारी सरदारघराण्याची मुलगी पैशाच्या जोरावर मागतो आणि ‘ब्राइबेम’ नावाच्या गावाची संसदेतील जागा विकत घेऊ पाहतो. वेळ अचूक साधली होती. बंगालच्या १७७० च्या दुष्काळाच्या बातम्या लंडनला पोचल्या होत्या, ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती आणि संसदेची समिती बंगालचा माजी गव्हर्नर रॉबर्ट क्लाइव्ह याच्यासह तिच्या कारभाराची चौकशी करत होती. माइट म्हणजे क्लाइव्ह, की जनरल रिचर्ड स्मिथ, यावर पैजा लागल्या. कंपनीचे दोन माजी अधिकारी फूटला बडवायला त्याच्या घरी गेले आणि त्याच्या गप्पांत रमून जेवूनच उठले, असे सांगतात. नाटकातल्या एका प्रवेशात माइट पुराणवस्तू संशोधकांच्या सभेपुढे लोककथेतल्या डिक व्हिटिंग्टनच्या मांजरावर गंभीर निबंध वाचतो. या थट्टेनंतर होरेस वॉलपोलने पुराणवस्तू संशोधकांच्या संस्थेतून आपले नाव काढून घेतले. नेबॉबची चीड प्रेक्षकांना आली ती बंगालच्या लुटीमुळे, की हलक्या घरचा माणूस वरच्या रांगेत बसू पाहत होता म्हणून? नाटक दोन्हीवर हसते, पण दुसऱ्यावर जरा जास्तच.

शेवटचे सावज मोठे निघाले. ‘अ ट्रिप टू कॅले’ (१७७५) मधील लेडी किटी क्रोकोडाइल म्हणजे डचेस ऑफ किंग्स्टन एलिझाबेथ चडली. पहिला नवरा जिवंत असताना दुसरे लग्न केल्याबद्दल तिच्यावर खटला भरला जात होता. तिने वजन वापरले आणि लॉर्ड चेंबरलेनने परवाना नाकारला. नाटक दडपण्यासाठी फूटने दोन हजार पौंड मागितल्याचा आरोप तिच्या बाजूने झाला, त्याने तो धुडकावला. एप्रिल १७७६ मध्ये उमरावसभेने डचेसला दोषी ठरवले. तिचा कैवारी पत्रकार विल्यम जॅक्सन याला फूटने ‘द कॅपुचिन’ (१७७६) मध्ये डॉ. व्हायपर म्हणून झोडपले. त्याच वर्षी सँगस्टर या नोकरीतून काढलेल्या माणसाने फूटवर समलिंगी बळजबरीचा आरोप केला. त्या काळी असा गुन्हा शाबीत झाला तर जीवही जाऊ शकत होता. डिसेंबरमध्ये सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डपुढे खटला चालला आणि पंचांनी त्याला निर्दोष ठरवले. ती बातमी घेऊन बचावपक्षातला जुना भागीदार मर्फी धावत गेला, तेव्हा फूट कोसळून बेभान झाला, असे सांगतात.

प्रकृती त्यानंतर सावरली नाही. जानेवारी १७७७ मध्ये त्याने हेमार्केट सालीना सोळाशे पौंडांच्या कराराने नाटककार थोरल्या जॉर्ज कोलमनकडे सोपवले. ऑक्टोबरमध्ये हवापालटासाठी फ्रान्सला निघालेला असताना डोव्हरच्या शिप इन या खानावळीत तो वारला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या आवारात रात्री मशालींच्या उजेडात त्याचे दफन झाले. थडग्यावर शिळा नाही.

पुढच्या शतकात त्याची दोनच नाटके तग धरून राहिली : बायकोच्या धाकातला जेरी स्नीक असलेले ‘द मेयर ऑफ गॅरट’ (१७६३) आणि ‘द लायर’ (१७६२). दोन्हींची गंमत मूळ माणूस ओळखण्यावर अवलंबून नाही. फूटचे चरित्रकार इयन केली यांचे ‘मिस्टर फूट्स अदर लेग’ हे नाटक २०१५ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरमध्ये रिचर्ड आयर यांच्या दिग्दर्शनाखाली आले आणि त्याच वर्षी थिएटर रॉयल हेमार्केटमध्ये गेले. फूटची भूमिका सायमन रसेल बील यांनी केली होती.