सरकीची ढेप आणि बॉयलर कोंबडी

१८६७ साली मुंबईची रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. रुईच्या गाठी मुंबईकडे निघाल्या. पण कापसाच्या वजनात जवळजवळ दोन तृतीयांश सरकीच असते, तिचं काय? आम्हा वऱ्हाडी माणसांना उत्तर ठाऊक आहे: आधी सरकी, पुढं तेल काढून उरलेली ढेप, बैलाम्हशींपुढं.

कोंबडी आली तेव्हा हा हिशेब जुळेना. सरकीत गॉसिपॉल असतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्याचा बराचसा जोर मोडतो, कोंबडीच्या पोटात नाही, वाढ खुंटते. शिवाय लायसिन कमी. हिराकस मिसळला की त्यातलं लोह गॉसिपॉलला बांधून टाकतं, वरून लायसिन दिलं की थोडी ढेप चालते. हे शास्त्रज्ञांनी कधीच दाखवलंय. तरी बॉयलरची भिस्त मका आणि सोयाढेपेवरच राहिली.

२०२१ मध्ये सोयाबीन भडकलं, कोंबडीवाले ओरडले, आणि ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन सोयाढेप आयातीला परवानगी दिली. तेव्हा शेतकऱ्याचं नवं पीक शेतातच उभं होतं. एका भावाचं कोंबड्यांचं शेड, दुसऱ्याचं सोयाबीन, अशी घरं आपल्याकडं आहेत. तिथं कुणाची बाजू घ्यायची, हे आम्हालाही सांगता येत नाही.