फोटो पाहून मिळालेली घरं

आजच्या गप्पा फोटोंच्या आहेत, पण लग्नाच्या अल्बममधल्या नव्हेत. आईवडिलांचं घर ज्यांना उरलेलं नाही अशा मुलांना नवं घर मिळावं, म्हणून काढलेल्या फोटोंच्या आहेत. ही गोष्ट परदेशातली असली तरी शेवटी ती आपल्या मोबाईलपर्यंत येते, म्हणून आम्ही आज ती निवडली.

अमेरिकेत न्यू मेक्सिको हे राज्य आहे. त्याची राजधानी सांता फे, चित्रकारांचं आणि फोटोग्राफरांचं गाव. तिथल्या जेराल्ड पीटर्स गॅलरी या चित्रांच्या नामांकित दालनात २००१ साली भिंतींवर मुलांचे मोठमोठे फोटो लागले. ही मुलं फॉस्टर केअरमधली होती. म्हणजे असं, की घरात मारहाण होते, हेळसांड होते म्हणून मूल आईबापांपासून काढलं, की तिकडे ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुटुंबात तात्पुरतं सांभाळायला देतात आणि त्याचा खर्च सरकार देतं. पुढे घर सावरलं तर मूल परत जातं. परत जाणं शक्य नाही असं कोर्टाने ठरवलं, तर दत्तक घेणारं कुटुंब शोधायचं. २०१९ मध्ये तिथे अशी ४ लाखांहून जास्त मुलं सांभाळात होती आणि त्यातली सव्वा लाखाच्या आसपास दत्तक जाण्याची वाट बघत होती. तान्ह्या बाळासाठी माणसं रांगेत असतात. बारा वर्षांच्या मुलासाठी किंवा एकत्रच राहू म्हणणाऱ्या तीन भावंडांसाठी फारसं कुणी येत नाही. कुणीच न येता १८ वर्षांचं होऊन बाहेर पडणारी मुलं तिथे वर्षाला २० हजारांच्या घरात होती.

दत्तकाचं काम करणाऱ्या सरकारी खात्याकडे या मुलांचे फोटो होतेच. पण ते भिंतीला टेकवून घाईघाईत काढलेले, रेशनकार्डावरच्यासारखे. खात्यात काम करणाऱ्या डायान ग्रॅनिटो यांनी गावातल्या व्यावसायिक फोटोग्राफरांना विचारलं, की एक दिवस मुलांसाठी द्याल का? फोटोग्राफर आले, फुकट आले. चांगल्या फोटोग्राफरला माहीत असतं, की मूल ओळखीचं झाल्याशिवाय त्याचा चेहरा खुलत नाही. तुला काय आवडतं हे आधी विचारायचं, चेंडू आवडत असेल तर चेंडू हातात द्यायचा, भावंडांना एकाच फोटोत घ्यायचं. या प्रदर्शनाला हार्ट गॅलरी हे नाव पडलं. पुढे अमेरिकेभर शंभराहून जास्त ठिकाणी अशी प्रदर्शनं निघाली आणि त्यांतून कित्येक थोराड मुलांना घर मिळालं. आपल्या हातातलं कसब असं उपयोगी पडलेलं कुणाला आवडणार नाही?

पण फोटो दाखवून मुलांसाठी माणसं जोडायची ही रीत त्याहून सव्वाशे वर्षं जुनी आहे आणि तिचा इतिहास सगळाच गोड नाही.

लंडनमध्ये डॉ. बर्नार्डो नावाचे गृहस्थ होते. १८७० मध्ये त्यांनी स्टेपनी भागात बेघर मुलग्यांसाठी वसतिगृह काढलं. चार वर्षांनी तिथे फोटो काढायची सोय झाली आणि आलेल्या मुलांचे फोटो निघू लागले. देणगी मिळावी म्हणून ते फोटोंच्या जोड्या विकत. एका फोटोत फाटक्या कपड्यातलं पोर, दुसऱ्यात तेच पोर स्वच्छ, कामाला लागलेलं. देणग्या आल्या, पण कुरबुरीही आल्या. आपल्या लेकरांना कधी नव्हतं इतकं भिकाऱ्यासारखं दाखवलं, अशी एका आईने तक्रार केली. १८७७ मध्ये हे प्रकरण पंचांपुढे गेलं. बर्नार्डो बहुतेक आरोपांतून सुटले, पण मुलांना मुद्दाम फाटके कपडे घालून काढलेल्या बनावट फोटोंवर पंचांनी ठपका ठेवला. त्या जोड्यांची विक्री थांबली.

अमेरिकेत त्याच काळात फोटोही नव्हते, थेट मुलंच दाखवत. न्यूयॉर्कच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने १८५४ पासून शहरातली गरीब मुलं आगगाडीत बसवून खेडोपाडी पाठवली. गाडी थांबली की मुलांना सभागृहात ओळीने उभं करत. शेतकरी येत, दंड चाचपत, कुणी दातही बघत. आमच्या डोळ्यांपुढे तर बैलबाजारच आला. काहींना खरंच प्रेमाची घरं मिळाली, काहींना नुसती राबणूक. १९२९ पर्यंत हे चाललं आणि २ लाखांहून जास्त मुलं अशी गेली. त्यातल्या अनेकांची आई किंवा वडील जिवंत होते.

आता बायकांच्या मासिकाची गोष्ट. ही आम्हाला सगळ्यांत जास्त आवडली. बटरिक कंपनी म्हणजे शिवणाचे कागदी नमुने विकणारी कंपनी. आपल्या शिलाई मशीनवाल्या तायांना सांगायला नको, कापड बेतायचे कागद. या कंपनीचं ‘डेलिनिएटर’ हे मासिक घरोघरी जायचं. १९०७ मध्ये त्याचे संपादक झाले थिओडोर ड्रायझर, पुढे मोठे कादंबरीकार म्हणून गाजलेले, स्वतः गरिबीत आणि भावंडांच्या गर्दीत वाढलेले. त्याच वर्षी मासिकाने मोहीम काढली. अंकात घर हवं असलेल्या मुलांचे फोटो आणि त्यांची हकिकत छापायची. वाचक बायकांची शेकडो पत्रं आली, हे मूल आम्हाला द्या म्हणून. फ्रॉकच्या नमुन्यांच्या शेजारी मुलं छापलेली बघून काहींना ते खटकलंही असेल, पण मुलांना घरं मिळाली.

आणि मोहिमेतून आणखी एक गोष्ट निघाली. तिच्याशी जोडलेल्या लोकांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे आग्रह धरला आणि जानेवारी १९०९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये निराधार मुलांविषयी परिषद भरली. तिथे ठरलं, की केवळ घर गरीब आहे म्हणून मूल आईपासून तोडायचं नाही, आईलाच मदत करायची. १९११ मध्ये इलिनॉय राज्याने तसा कायदा केला. मग एकामागून एक राज्यांनी विधवा आणि एकट्या आयांना पैसे द्यायला सुरुवात केली. म्हणजे फोटो छापता छापता प्रश्न आला, की हे मूल फोटोपर्यंत आलंच का? आमच्या मते सगळ्या मोहिमेतलं मोठं काम हेच.

हार्ट गॅलरीवरही टीका होते. मोठेपणी त्या मुलाला काय वाटेल? वर्गातल्या पोरांनी बघितलं तर? नाव अर्धंच लिहिलं तरी चेहरा लपत नाही. म्हणून कळत्या मुलाला आधी विचारायचं, नको म्हणालं तर काढायचा नाही, एवढं तरी पाळलंच पाहिजे.

आपल्याकडे कायद्याने वेगळी वाट धरली आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ प्रमाणे सांभाळाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो असं ओळख पटेल ते काहीही जाहीर करायला बंदी आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून सांता फेसारखं प्रदर्शन इथे भरू शकत नाही. फोटो असतोच, पण तो ‘कारा’ या केंद्रीय दत्तक संस्थेच्या पोर्टलवर, आणि नोंदणी होऊन नंबर आलेल्या पालकांनाच दिसतो. सोबत मुलाची माहिती आणि तब्येतीचा अहवाल असतो. ४८ तासांत हो की नाही ते कळवायचं.

२०२१ आठवा. कोरोनाची दुसरी लाट. ‘आईवडील दोघं गेले, तीन दिवसांची मुलगी आणि सहा महिन्यांचा मुलगा, कुणाला दत्तक हवे असल्यास या नंबरवर फोन करा’ अशा धर्तीचे मेसेज देशभर फिरले. बचत गटांच्या ग्रुपवरही फिरले, कारण आपल्या बायकांना लगेच कळवळा येतो. पण असं परस्पर मूल देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, कलम ८०, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख दंड किंवा दोन्ही. शिवाय त्या नंबरमागे कोण बसलंय ते आपल्याला कुठे ठाऊक असतं? मुलं विकणारेही असेच कळवळ्याचे मेसेज लिहितात.

तेव्हा असा फोटो आला तर तो पुढे ढकलू नका. १०९८ वर फोन करा, तो चोवीस तास चालू असतो आणि पैसे पडत नाहीत. आणि वाडीवस्तीवर नवरा गेलेली, पोरांना आश्रमशाळेत नाहीतर बालगृहात टाकावं लागेल म्हणणारी कुणी ताई असेल, तर तिला बाल संगोपन योजनेचं सांगा. मूल घरीच राहतं आणि सध्या महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. कागद भरायला अडचण आली तर गटाच्या बैठकीत घेऊन या, आपण मिळून भरू.