सीमेवर दुभंगणारे कुटुंब : रिद्धपूरपासून अटारीपर्यंत

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील लहानसे गाव. मराठी भाषेच्या अभ्यासकाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. श्रीगोविंदप्रभूंचे हे स्थान. गुजरातेतून आलेले श्रीचक्रधरस्वामी त्यांच्या दर्शनास येथे आले, म्हाइंभटांनी लीळाचरित्र येथे सिद्ध केले, आणि राज्य शासनाने स्थापन केलेले मराठी भाषा विद्यापीठही आता येथेच आहे. महानुभाव पंथाची ही काशी मानली जाते.

या गावी वऱ्हाडातील भाविकांबरोबर पंजाबी बोलणारे यात्रेकरूही येतात. त्यांच्या घरची भाषा पंजाबी आणि धर्मग्रंथांची भाषा जुनी मराठी! महानुभाव पंथ काही शतकांपूर्वीच पंजाबात, पेशावरपर्यंत आणि त्याहीपलीकडे पोहोचला होता. तिकडे त्याला 'जयकृष्णी पंथ' म्हणतात. १९४७ साली फाळणी झाली आणि या मंडळींना आपली घरे व आश्रम सोडून सरहद्दीच्या अलीकडे यावे लागले. पेशावरहून रिद्धपूरला येण्याचा मार्ग पूर्वी लांबचा होता, पण तो एकाच देशातला होता. आता त्याच मार्गावर अटारी आणि वाघा ही दोन फाटके उभी आहेत. सीमेवर होणारी कुटुंबांची ताटातूट हा विषय वऱ्हाडातील वाचकास परका वाटू नये, म्हणून आरंभीच हा उल्लेख केला.

एप्रिल २०२५

२२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमधील पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यांत आपल्या महाराष्ट्राचे सहा जण होते. दुसऱ्याच दिवशी भारत सरकारने अटारीची तपासणी चौकी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले. वैद्यकीय उपचारांसाठी आलेल्यांना २९ एप्रिलपर्यंत मुदत मिळाली. दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्या हिंदू पाकिस्तानी नागरिकांना हा आदेश लागू नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट केले. पाकिस्ताननेही आपल्या बाजूने तशीच पावले उचलली.

पुढील आठवडाभर अटारीच्या फाटकापाशी जे घडले ते वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. भारतात जन्मलेल्या आणि पाकिस्तानात विवाह करून गेलेल्या काही स्त्रिया मुलांना घेऊन माहेरी आल्या होत्या. आईचा पासपोर्ट भारतीय आणि मुलांचा पाकिस्तानी. मुलांना परत जाणे भाग होते, तर भारतीय पासपोर्ट असलेल्या आईला पलीकडे जाऊ दिले जात नव्हते. काही मुले वडिलांबरोबर गेली आणि आई अलीकडे राहिली. पुढे यांपैकी काही स्त्रियांना जाण्याची परवानगी मिळाली. १ मे रोजी पाकिस्तानने आपले फाटक काही काळ उघडलेच नाही, तेव्हा परत पाठवलेली माणसे दोन्ही देशांच्या मध्ये उन्हात बसून राहिली.

या आदेशामागचे कारण गंभीर होते, हे आम्ही आधीच नमूद करतो. ज्यांच्या घरातील माणसे पहलगामला मारली गेली, त्यांच्यासमोर उभे राहून सीमा उघडी ठेवा असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होणार नाही. आमचा प्रश्न निराळा आणि मर्यादित आहे. सीमा बंद करण्याचा अधिकार असणे म्हणजे आई आणि मूल यांना फाटकाच्या दोन बाजूंस उभे करण्याचा अधिकार असणे होय काय?

एका घरात चार कागद

एकाच घरातील माणसांचे नागरिकत्व वेगवेगळे कसे असू शकते, असे पुष्कळांना वाटते. त्याचे उत्तर आपल्याच शहरांत सापडते. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, तसेच नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव येथे स्थिरावली. अमरावतीची रामपुरी कॅम्प ही वस्ती आजही छावणीचेच नाव वागवते. सिंधमध्ये मागे राहिलेल्यांपैकी काहीजण त्यानंतरच्या दशकांत एकेक करून आले, आणि आजही येतात.

या उशिरा आलेल्यांची कथा कागदांची आहे. व्हिसा कुटुंबाला मिळत नाही, तो प्रत्येक माणसाला स्वतंत्र मिळतो, आणि त्याचे नूतनीकरणही स्वतंत्रच करावे लागते. नागरिकत्वाचा अर्जही एकेकाचाच असतो. येथे जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व त्याच्या जन्मतारखेवर अवलंबून असते. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले मूल जन्मानेच नागरिक होते. त्यानंतर जन्मलेल्याच्या बाबतीत आईवडिलांपैकी एकाने तरी भारतीय असले पाहिजे. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट आली : एक पालक भारतीय असला, तरी दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणजे आईवडील दोघेही पाकिस्तानी नागरिक असतील, तर अमरावतीच्या रुग्णालयात जन्मलेले, येथील शाळेत मराठी शिकणारे मूलही कायद्याच्या दृष्टीने परदेशीच राहते. थोरल्या भावाला नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळालेले, धाकट्याची फाईल अडकलेली, आई दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आणि सुनेचा पासपोर्ट मुदत संपलेला, असे घर कायद्याच्या चौकटीत सहज संभवते. शांततेच्या काळात या भिन्नतेचा कोणास त्रास होत नाही. अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीचा आदेश आला की हीच भिन्नता उंबरठ्याच्या आत सीमारेषा ओढते.

२०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांना काही सवलती दिल्या. त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. मुस्लिमांचा त्यात समावेश नाही. या कायद्यावरील मोठा वाद येथे उकरून काढण्याचा हेतू नाही. पण आई आणि मूल यांच्यातील नात्यास धर्माचा रकाना नसतो, एवढे म्हणणे धर्मगुरू या नात्याने आमचे कर्तव्य आहे.

कराचीचे आपले लोक

हा प्रश्न कॅथलिक समाजाच्या घरातही आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. इंग्रजी अमदानीत गोव्यातून आणि मुंबईतून अनेक ख्रिस्ती कुटुंबे नोकरीसाठी कराचीला गेली. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. १९३६ साली सिंध वेगळा प्रांत झाला. कराचीचे आर्चबिशप आणि पाकिस्तानचे पहिले कार्डिनल जोसेफ कोर्डेरो हे मूळचे गोमंतकीय, आणि त्यांचा जन्म १९१८ साली मुंबईत झाला होता. मुंबईकर मुलगा कराचीचा महाधर्मपाल झाला, यात त्या काळी कुणाला नवल वाटण्याचे कारण नव्हते. नंतर युद्धे झाली, आगबोटी थांबल्या, आणि भावंडे दोन राष्ट्रांची नागरिक झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थांस नव्या कायद्यान्वये भारतीय नागरिकत्व मिळाले. ते गोव्याचेच, शिक्षण व नोकरीनिमित्त कराचीस गेले आणि पाकिस्तानी नागरिक होऊन बसले. स्वतःच्या गावी, स्वतःच्या पत्नीसह राहण्यासाठी त्यांना उतारवयापर्यंत थांबावे लागले.

ताटातूट हेच जेव्हा शस्त्र होते

वर दिलेल्या उदाहरणांत कुटुंब तुटते ते कागदांच्या गुंत्यामुळे. तोडणे हा कोणाचा उद्देश नसतो. अमेरिकेत २०१८ साली जे घडले ते याहून वेगळ्या जातीचे होते.

एप्रिल २०१८ मध्ये तेथील सरकारने मेक्सिकोच्या सीमेवर 'शून्य सहनशीलता' धोरण जाहीर केले. परवान्याविना सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर फौजदारी खटला भरला जाऊ लागला. पालक कोठडीत गेले की त्यांच्यासोबतचे मूल कागदोपत्री 'एकटे आलेले मूल' ठरे आणि आरोग्य खात्याच्या ताब्यात, कधी हजारो मैलांवरील निवासात पाठवले जाई. पालकाची शिक्षा पुष्कळदा दिवस-दोन दिवसांत संपे. तो परत येऊन पाही तर मूल गेलेले. कोणते मूल कोणाचे, हे जोडून ठेवणारी धड नोंदही नव्हती. पोस्टाच्या पार्सलालाही पावती मिळते! या धोरणाची चर्चा २०१७ मध्येच झाली होती, आणि अशा ताटातुटीच्या भीतीने लोक यायचे थांबतील, असे तेव्हा अधिकारपदावरील माणसांनी उघड बोलून दाखवले होते. २०१७ ते २०२१ या काळात साडेपाच हजारांहून अधिक मुले अशी वेगळी केली गेली. त्यांत तान्ही बाळेही होती.

१३ जून २०१८ रोजी अमेरिकेतील बिशप परिषदेचे अध्यक्ष कार्डिनल डॅनिएल डिनार्डो यांनी हे अनैतिक असल्याचे जाहीर केले, आणि पोप फ्रान्सिस यांनी त्यांस पाठिंबा दिला. दुसऱ्याच दिवशी तेथील ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी धोरणाच्या समर्थनार्थ संत पौलाच्या रोमकरांस पत्रातील तेराव्या अध्यायाचा आधार घेतला. अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहावे, असा उपदेश त्या अध्यायाच्या आरंभी आहे, हे खरे. परंतु अध्याय तेथे संपत नाही. दहाव्या ओवीपर्यंत वाचत गेल्यास नियमशास्त्राची पूर्णता कशात आहे ते पौल सांगतो, आणि तेथे त्याने योजलेला शब्द प्रीती हा आहे. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, चांगले व्हावे म्हणून वाईट करावे या विचाराचा त्याने धिक्कार केला आहे. सेमिनरीत आम्हांस शिकविणारे वृद्ध फादर म्हणत, की पौलाचे अर्धे वाक्य हाती असलेल्या माणसापासून सावध राहावे.

२० जून रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून हा प्रकार थांबवला. २६ जून रोजी न्यायालयाने पाच वर्षांखालील मुले चौदा दिवसांत आणि बाकीची तीस दिवसांत पालकांकडे परत देण्यास फर्मावले. ते तेवढ्यात झाले नाही. काही पालकांना मुलांविनाच मायदेशी पाठवून दिले गेले होते आणि त्यांचा शोध घेण्यात वर्षे गेली. डिसेंबर २०२३ च्या तडजोडीने असे धोरण आठ वर्षांसाठी निषिद्ध ठरले.

ख्रिस्तसभा काय शिकवते

ख्रिस्तसभा राज्याचा सीमेवरील अधिकार नाकारते, असा एक गैरसमज आहे. कॅथलिक श्रद्धाग्रंथाचा २२४१ वा परिच्छेद वाचावा. समर्थ राष्ट्रांनी परकीयाचे यथाशक्ति स्वागत करावे असे तेथे म्हटले आहे. त्याचबरोबर समाजहितासाठी स्थलांतरावर अटी घालण्याचा अधिकार राज्यास आहे, आणि आलेल्याने यजमान देशाचे कायदे पाळावेत, असेही म्हटले आहे. तिन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आहेत.

मात्र कुटुंबाच्या बाबतीत शिकवण अधिक ठाम आहे. १ ऑगस्ट १९५२ रोजी पोप बारावे पायस यांनी 'एक्झुल फामिलिया' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपभर विखुरलेले लाखो निर्वासित त्यांच्यासमोर होते. हेरोदाच्या भयाने मिसर देशी पळालेले नाझरेथचे पवित्र कुटुंब हा सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श आहे, असे त्यांनी मांडले. १९८३ च्या 'कुटुंबाच्या हक्कांची सनद' या परमपीठाच्या दस्तऐवजातील बारावे कलम स्थलांतरितांच्या कुटुंबांस संरक्षण देते, आणि परदेशी गेलेल्या कामगारास आपले कुटुंब शक्य तितक्या लवकर एकत्र आणण्याचा हक्क आहे असे सांगते. यामागील तत्त्व असे, की कुटुंब राज्याच्या आधीचे आहे. राज्य विवाहाची नोंद करते. पती-पत्नी किंवा आई-मूल हे नाते ते निर्माण करीत नाही. ज्याची निर्मिती आपण केली नाही, ते मोडण्यापूर्वी हात थबकला पाहिजे.

या कसोटीवर अमेरिकेतील २०१८ चे धोरण कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय ठरत नाही. तेथे मुलाचे दुःख हेच इतरांना भय घालण्याचे साधन केले गेले. अटारीबाबत आमचे मत इतके सरळ नाही. व्हिसा रद्द करणे हा राज्याचा अधिकार होता, आणि युद्धसदृश काळात तो त्वरेने वापरला जाणे समजण्यासारखे आहे. चूक आम्हांस दिसते ती मिश्र नागरिकत्वाच्या कुटुंबांसाठी पहिल्याच आदेशात वेगळी वाट न ठेवण्यात. अंगावरचे मूल आणि त्याची आई यांना एकत्र राहू द्यावे, मग ते अलीकडे असोत वा पलीकडे, एवढी एक ओळ आदेशात घातल्याने देशाची सुरक्षा धोक्यात आली नसती. बालहक्क संहितेवर भारताने १९९२ साली मान्यतेची मोहोर उठवली आहे. पालक व मूल यांना एकत्र आणण्यासाठीचे अर्ज सहृदयतेने आणि त्वरेने निकालात काढावेत, असे तिचे दहावे कलम सांगते. पाकिस्तानही त्या संहितेने बांधलेला आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे.

नाताळानंतर निरपराध बालकांच्या सणाला आपण मत्तयाच्या शुभवर्तमानातून राहेलच्या विलापाविषयी ऐकतो. तो उल्लेख यिर्मयाच्या ग्रंथातून आलेला आहे. राहेल रडते ते गाव रामा. त्याच ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायात कळते, की बाबेलला नेण्यात येणाऱ्या यहुद्यांना साखळदंडांत बांधून रामा येथेच आणले होते, आणि यिर्मया स्वतः त्यांच्यात होता. म्हणजे रामा ही हद्दपारीची चौकी होती.

धर्मग्रामातील नोंदवही

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. धर्मविधिसंहितेच्या ८७७ व्या नियमानुसार स्नानसंस्काराच्या नोंदीत मुलाच्या नावाबरोबर आईवडिलांची व धर्ममातापित्यांची नावे, स्थळ आणि तारीख लिहावी लागते. म्हणजे हे मूल कोणाचे, हे सांगणारा कागद आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहे. कुवेत, दुबई, इंग्लंड येथे नोकरीस असलेल्या आपल्या कुटुंबांनी या दाखल्याची प्रत, शासकीय जन्मदाखला, विवाहाचा दाखला आणि सर्वांचे पासपोर्ट एकत्र ठेवावेत, व प्रत्येकावरील नावांची अक्षरे जुळतात की नाही ते पाहावे. 'डिसोजा' आणि 'डिसूझा' यांतील फरक आपल्याला क्षुल्लक वाटतो. परदेशातील अधिकाऱ्याच्या टेबलावर तीच दोन वेगळी कुटुंबे होतात. दुरुस्ती हवी असल्यास धर्मग्रामाच्या कचेरीत मूळ पुराव्यासह अर्ज करावा, आणि तो प्रवासाची तारीख ठरण्यापूर्वी करावा.