वाड्याचा माग

दिवाळी सरली की मुळशीत, पिरंगुट-उरवड्याच्या बाजूला, भात निघालेल्या खाचरांत धनगरांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, उतरतात. मेंढ्यांभोवती वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, कडेला तट्टं, तीन दगडांची चूल. खतासाठी रानात मेंढरं बसवल्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. चार रात्रींनी वाडा पुढे. मागे राहतात काळवंडलेले दगड आणि लेंड्या. पहिल्या नांगरटीत त्याही मातीत जातात.

युरोपातही गुरं हंगामानुसार हलतात, पण तिथे ती उन्हाळ्यात डोंगर चढतात. आयर्लंडमधल्या अॅकिल बेटावर, स्लीव्हमोरच्या उतारावर अशा हंगामी मुक्कामाला वापरलेली ऐंशीहून जास्त दगडी घरं अजून ओळीनं उभी आहेत, बिनछपराची. आपलं गणित उलटं. मेंढपाळ सह्याद्रीकडे येतो तो पाऊस गेल्यावर, आणि मृगाच्या आत माण-खटाव, फलटणचे कोरडे माळ गाठतो, कारण इथल्या चिखलात मेंढीचे खूर सडतात. माथ्यावर म्हशी राखणारे गवळी-धनगर वेगळे. त्यांची घरं कारवीच्या कुडाची. दोघांना एका दावणीला बांधू नये.

मेंढपाळांची ही पायवाट किती जुनी? पेशानं गणिती असलेले दामोदर कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या पालथ्या घालून नखाएवढी दगडी पाती वेचत. ती सापडतात त्या वाटा, धनगरांचे मार्ग आणि उघड्यावरच्या देवींची ठाणी यांची सांगड त्यांनी १९६२च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त घातली. सांगड मोहक आहे, पण जपून घ्यावी. वरवर पडलेल्या पात्याला थर नसतो, म्हणून काळही नसतो. शिवाय ते शिकाऱ्याचंही असू शकतं. वाट तीच म्हणून चालणाराही त्याच वंशातला, असं होत नाही.

घोडनदीकाठच्या इनामगावात मात्र थर होते. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (१९६८ ते १९८३) आधीची ऐसपैस चौकोनी घरं दिसली आणि इ.स.पू. १०००नंतर त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या. पाऊस आटला, शेती खालावली आणि लोक शेळ्यामेंढ्यांमागे फिरते झाले, असं पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी त्यावरून मांडलं. झोपडीच्या आकारावरून एवढं ओझं पेलतं का, हा प्रश्न मला पडतोच.

त्याहून बोलका पुरावा शेणाचा. तेलंगणातल्या उतनूरला १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी राखेचा ढिगारा खणला, तर ती नवाश्मयुगातल्या गोठाणातल्या शेणाची राख निघाली. कुंपणाच्या खांबांची भोकं आणि गुरांच्या खुरांचे ठसेही तिथे होते. मुळशीच्या खाचरात असा ढिगारा साचायचा नाही. इथे लेंडीला गिऱ्हाईक आहे.